समतोल म्हणजे काय रे?

उभा राहा. ढाल टेबलावर ठेव आणि भाषणाचा कागद इकडे दे. ‘पर्यावरण आणि विकास यांचा समतोल साधला पाहिजे’ हे वाक्य चार पानांत सात वेळा आलंय. टाळ्या पडल्या, परीक्षकांनी माना डोलावल्या, तुला वाटलं मैदान मारलं. तागडीच्या एका पारड्यात काय ठेवलंस? दुसऱ्यात काय? वजन कुणी केलं? त्यावर अवाक्षर नाही.

आणि तिसऱ्या पानावर हे काय, ‘या समित्यांनी शेतकऱ्याच्या पोटावर पाय दिला’? कुठे वाचलंस? पश्चिम घाटाच्या पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारकडे गेला. सरकारने तो दाबून ठेवला. माहिती अधिकारात लोक भांडले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये तो लोकांना दिसला. त्यात सह्याद्रीचे संवेदनशीलतेनुसार तीन स्तर पाडलेत आणि शेवटचा शब्द ग्रामसभांशी बोलून ठरवा म्हटलंय. पुढे २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने संवेदनशील क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणलं. तिथे मनाई सुचवली ती खाणींना, औष्णिक वीज प्रकल्पांना, लाल श्रेणीतल्या म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना. शेतीला नाही. मग ज्याच्या नावाने तू गळा काढलास, त्याच्या आडून बोलत कोण होतं? इतका साधा प्रश्न पडू नये?

माळीण गावावर कोसळलेली दरड तू एका ओळीत उरकलीस. ३० जुलै २०१४. एसटीचा चालक रोजच्यासारखी गाडी घेऊन गेला, तर गावच जागेवर नाही. नुसता चिखल. १५१ माणसं गेली. त्या भागात पडकई करतात, म्हणजे उतारावर बांध घालून भातखाचरं काढायची. जुनी रीत, सगळी वाडी मिळून हाताने करायची. सरकारने तिची योजना केली. गरिबाच्या घरात भात यावा, हेतू चांगलाच. पण मग उतारावर यंत्रं चढली. दुर्घटनेनंतर काही जाणकारांनी त्या यंत्रांकडे बोट दाखवलं, काहींनी पावसाकडे. भात हे लोकहितच आणि डोंगर जागेवर राहणं हेही लोकहितच. या उतारावर किती खोल खणायचं, कशाने खणायचं, कुणाला विचारून, हे ठरवताना समतोल लागतो. व्यासपीठावर त्याचा काही उपयोग नाही.

खिडकीतून बघ जरा. रस्ता रुंद करताना डोंगर उभा कापलाय. ऐनाची मुळं हवेत लोंबतायत. खालच्या झऱ्याचं पाणी गणपतीपर्यंत तांबडंच येतं. रस्ता नको असं मी म्हणणार नाही. अडलेल्या बाईला झोळीतून खाली नेतानाचे दिवस मी पाहिलेत. पण कापलेल्या कड्याला टप्पे द्यायचे, दगडी भिंत बांधायची, पाण्याला वाट काढून द्यायची, याचे पैसे अंदाजपत्रकात धरले होते का? रोज याच रस्त्याने येतोस. एकदा तरी कुणाला विचारलंस?

हे संवेदनशील क्षेत्र जाहीर करायच्या अधिसूचनेचा मसुदा केंद्राने २०१४ ते २०२४ मध्ये सहा वेळा काढला. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडमध्ये दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. हे तुझ्या भाषणात कुठे आहे?

मान खाली घालू नकोस, ऐक. आवाज तुला चांगला आहे, म्हणूनच इतका राग येतोय. ढाल कपाटात राहील. १५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. मागे उभा राहून लोक काय बोलतात ते ऐक. त्या मसुद्याला गावांची यादी जोडलेली असते. आपलं गाव तीत आहे की नाही, ते सोमवारी मला येऊन सांग.