न झालेले व्यवहार

धायरीतल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये उभ्या उभ्याच एका गृहस्थांनी चेकबुक काढलं आणि विचारलं, "टोकन कितीचं लिहू?" फ्लॅटमध्ये पाऊल टाकून वीस मिनिटंही झाली नव्हती. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर बघत होत्या आणि मुलीने स्वतःची खोली ठरवूनही टाकली होती. मी म्हटलं, "आज नका लिहू. सोमवारी ऑफिस सुटलं की थेट तिकडूनच इकडे या. मग बोलू." सोमवारी ते आले तेव्हा पावणेआठ वाजले होते आणि घामाने शर्ट भिजला होता. फाटकाशी टँकर उभा होता, त्याचा पाइप टाकीत सोडलेला. दिवसाला किती टँकर लागतात, हे त्यांनी वॉचमनला विचारलं. त्याने आकडा सांगितला. तो व्यवहार झाला नाही, आणि त्या महिन्यात माझा दुसराही कुठला झाला नाही.

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात मी बावीस वर्षं घरं दाखवतो आहे. झालेल्या व्यवहारांच्या फाइली माझ्या कपाटात आहेत. न झालेल्यांची नोंद कुठेच नाही. तरी या बावीस वर्षांत माझ्या हातून लोकांचं भलं कुठे झालं असं कुणी विचारलं, तर मी न झालेल्या व्यवहारांकडेच बोट दाखवीन.

आमच्या धंद्याची रचना मात्र याच्या उलट आहे. वकिलाने 'ही केस लढू नका' असा सल्ला दिला, तरी आपण त्याची फी देतो. डॉक्टरने 'ऑपरेशनची गरज नाही' म्हटलं, तर तपासणीचे पैसे देऊन वर त्याचे आभार मानतो. एजंटला पैसे मिळतात ते फक्त सह्या झाल्यावर. विक्रीत साधारण टक्का-दोन टक्के, भाड्यात बहुधा एका महिन्याचं भाडं, आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंकडून. ज्याच्या तोंडून 'थांबा' हा शब्द यायला हवा, त्याच्या घरची चूल समोरच्याने 'हो' म्हटल्यावरच पेटते. 'उद्या दुसरी पार्टी बघायला येतेय' हे वाक्य इथूनच येतं. कधी ते खरं असतं, बहुतेक वेळा नसतं. सुरुवातीच्या वर्षांत मीही ते बोललो आहे, आणि त्या घाईत घर घेतलेलं एक कुटुंब आजही रस्त्यात भेटलं की मला आधी ते वाक्य आठवतं.

कायद्याने यात बरंच सुधारलं, हे मान्य करायला हवं. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यानंतर 1 मे 2017 पासून महारेराचं काम सुरू झालं. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर एजंटला विकता येत नाही. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. दर कार्पेट क्षेत्रफळावर सांगावा लागतो आणि कार्पेट म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यातच आहे. त्याआधी 'सुपर बिल्टअप'च्या नावाखाली जिना, लिफ्ट आणि लॉबी लोकांना चौरस फुटाच्या भावाने विकली जात होती. 2023 पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. ही परीक्षा वीस वर्षं आधी असती तर पुष्कळ लोकांचे पैसे वाचले असते. पण जुन्या घरांच्या फेरविक्रीत या कायद्याचा हात फारसा पोचत नाही, आणि एखाद्याला 'हे घर घेऊ नका' असं सांगायला कोणताही कायदा लावू शकत नाही. ते सांगणाऱ्याच्या मनावरच राहतं.

फेरविक्रीतला सर्वांत अवघड प्रसंग कागदपत्रांत लपलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्या कागदामागे एक बहीण असते. वडील वारलेले, फ्लॅट त्यांच्या नावावर, सोसायटीत नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव. मुलगा म्हणतो, मीच मालक. तो नसतो. नॉमिनी हा वारसांच्या वतीने घर सांभाळणारा. मालकी सगळ्या वारसांची. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही लागेल म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "ती कधी काही मागत नाही हो."

असं एक घर आनंदनगरला होतं. घेणारा तयार, कर्ज मंजूर, दोघे भाऊ तयार, आणि बहीण सांगलीला. भावांचं म्हणणं होतं की तिच्या नावाचा उल्लेखच टाळू; शोधणार कोण? मी म्हटलं, ती येऊन बसल्याशिवाय मी या व्यवहारात नाही. दोन महिने गेले. घेणाऱ्याने मला बरंच ऐकवलं. शेवटी ती आली. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मला पैसे नकोत, पण मला कुणी विचारलंच नव्हतं." मग तिने भावांना सांगितलं, आईच्या आजारपणात मी जे केलं त्याचा हिशोब आधी बोलू. सही करण्याआधी ते तिघे जिन्यात उभे राहून तासभर बोलले. तिला तिचा वाटा मिळाला आणि मग व्यवहार झाला. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या घरात तर वारस म्हणून तिचा वाटा त्याच्याही कितीतरी आधीपासून होता. हे सगळं असूनही मला दर वर्षी असे भाऊ भेटतात, आणि ते वाईट लोक नसतात. एजंट गप्प राहिला तर त्यांचंही काम सोपं होतं. म्हणून त्याने गप्प राहू नये.

जमिनीच्या बाबतीत तर मी अधिक कडक झालो आहे. गावाकडून आलेला, कंपनीत कंत्राटावर काम करणारा माणूस पै पै जमवून एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट, विकत घेऊ पाहतो. त्याच्या हातात नोटरी केलेला स्टँप पेपर असतो आणि त्यावर लाल शिक्का. त्या शिक्क्याने जमीन त्याच्या नावावर होत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावर मिळकतीचं खरेदीखत नोंदवावंच लागतं. सातबारावर 'इतर अधिकार' हा रकाना असतो. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथे दिसतो आणि कुळाची नोंदही तिथेच सापडते. तो रकाना वाचायला पाच मिनिटं लागतात. जमीन विकणाऱ्याच्या गाडीत बसून साइट बघायला जाण्याआधी ती पाच मिनिटं द्यावीत. आता सातबारा घरबसल्या मिळतो.

माझ्या भागात आणखी एक गोष्ट विचारायला हवी आणि ती फार कमी लोक विचारतात: पूररेषा. नदीच्या नकाशावर निळी रेषा असते ती साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, त्या दिवसाच्या गोष्टी ऐकत आमच्या दोन पिढ्या वाढल्या. तरी लोक 'रिव्हर व्ह्यू'साठी जास्त पैसे मोजायला तयार होतात. 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी एकतानगरीत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचे लोक लेकरांना खांद्यावर घेऊन वर पळाले. मी त्या दिवशी तिथे गेलो होतो, घर दाखवायला नव्हे. एका आजींचा लाकडी देव्हारा चिखलात आडवा पडला होता आणि त्या तो पदराने पुसत होत्या. तेव्हापासून नदीकाठचं घर दाखवताना मी आधी गॅलरी दाखवत नाही. आधी पार्किंगच्या भिंतीवरची पाण्याची खूण दाखवतो.

जानेवारी 2025 मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि विहिरीचं पाणी, टँकरचं पाणी, क्लोरीन हे शब्द घराघरात पोचले. महिनाभर प्रत्येक जण मला पहिला प्रश्न पाण्याचाच विचारत होता. मग तो प्रश्न हळूहळू मागे पडला आणि मॉड्युलर किचन पुन्हा पुढे आलं. यात लोकांचा दोष मला वाटत नाही. घर बघताना माणूस स्वतःचं पुढचं आयुष्य बघत असतो, तिथे टाकीचा तळ कोण बघणार? म्हणूनच तो बघणारा एक माणूस पैसे देऊन सोबत घ्यायला हवा.

भाड्याच्या घरांबद्दल लिहिताना मला सगळ्यात जास्त त्रास होतो. तिथे 'नको' हा शब्द आमच्या तोंडी रोज असतो, पण भलत्याच लोकांसाठी. फोनवर मालक सांगतो, "फॅमिलीच बघा." पुढे यादी येते: बॅचलर नको, एकटी मुलगी नको, अमुक आडनाव नको, मांसाहार नको. एजंट ती यादी निमूट ऐकतो आणि ज्याला घर हवं आहे त्याला खोटं सांगतो, "ते घर कालच गेलं." एकदा एक तरुण डॉक्टर, नवरा-बायको दोघेही, माझ्याकडे आले. पाच घरं त्यांनी नाव सांगेपर्यंत रिकामी होती आणि नाव सांगितल्यावर 'गेलेली'. सहाव्या घराच्या मालकांना मी म्हटलं, मी यांना ओळखतो, पण माझ्याकडून हमी मागू नका. त्यांच्याशी दहा मिनिटं बोला आणि मग ठरवा. मालक बोलले. डॉक्टर तिथे चार वर्षं राहिले. मालकांच्या वडिलांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा जिना उतरून पहिले तेच आले. पण ते उपयोगी पडले म्हणून त्यांना घर मिळायला हवं होतं, असं मला म्हणायचं नाही. ते भाडं देऊ शकत होते आणि त्यांना राहायला जागा हवी होती, एवढं पुरेसं होतं. ती पाच घरं 'गेली' म्हणून सांगणारे एजंट होते आणि त्यातल्या दोघांना मी चांगलं ओळखतो. आता मी ती यादी लिहून घेत नाही. त्यामुळे काही मालक माझ्याकडे येत नाहीत.

भाडेकरूलाही एक सांगतो. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटीवर जागा दिली होती याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. मालक 'कशाला तो खर्च' म्हणत असतील तर हे त्यांना शांतपणे सांगा. नोंदणी दोघांच्याही फायद्याची आहे.

मग एजंटने 'नको' म्हणावं तर त्याचं पोट कसं भरावं? माझं ठाम मत आहे की सल्ल्याची फी दलालीपासून वेगळी असायला हवी. घर घेणाऱ्याने आपल्या बाजूच्या माणसाला कागद बघायला, सोमवारी संध्याकाळी साइटवर जायला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलायला ठरावीक रक्कम द्यावी, व्यवहार होवो अथवा न होवो. गेली तीन वर्षं मी काही लोकांबरोबर असं करतो आहे. पहिल्यांदा त्यांना ते विचित्र वाटतं. साठ-सत्तर लाखांच्या घरासाठी नुसत्या बघण्याचे काही हजार द्यायचे, हे पटायला वेळ लागतो. ज्यांनी दिले त्यांच्यापैकी निम्म्यांनी ते घर घेतलं नाही, आणि त्यांतले बरेच जण दुसरं घर बघायला पुन्हा माझ्याकडेच आले.

तुम्ही घर शोधत असाल तर टोकनचा चेक लिहिण्याआधी समोरच्या एजंटला एवढंच विचारा: गेल्या वर्षभरात तुम्ही कुणाला 'हे घर घेऊ नका' असं सांगितलंत, आणि का? उत्तर द्यायला त्याला थोडा वेळ लागला तरी चालेल. उत्तरच नसेल, तर चेकबुक परत खिशात ठेवा.