हशा पिकला, प्रश्न राहिला

एखाद्याचे म्हणणे आपल्याला पटते ते खरे असते म्हणून, की ते छान सांगितलेले असते म्हणून? टीव्हीवरील राजकीय वादविवाद पाहताना हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा.

२१ ऑक्टोबर १९८४ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन आणि त्यांचे प्रतिस्पर्धी वॉल्टर मॉन्डेल यांचा वादविवाद झाला. रेगन ७३ वर्षांचे होते आणि दोन आठवड्यांपूर्वीच्या पहिल्या फेरीत ते अडखळले होते. एका पत्रकाराने विचारले, क्यूबाच्या पेचप्रसंगात केनेडींना कित्येक दिवस जेमतेम झोप मिळाली होती; तशी वेळ आली तर आपण काम करू शकाल का, याविषयी आपल्या मनात शंका आहे का? रेगन म्हणाले, मुळीच नाही. आणि प्रतिस्पर्ध्याचे कोवळे वय व अननुभव यांचा राजकीय फायदाही मी उठवणार नाही! सभागृहात हशा पिकला. ५६ वर्षांचे माजी उपराष्ट्राध्यक्ष मॉन्डेलही हसले. पत्रकारही पुढच्या प्रश्नाकडे वळला. निवडणुकीत रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. त्या विजयाची कारणे अनेक होती. वयाचा मुद्दा मात्र त्या रात्रीच मागे पडला.

यात कोणी खोटे बोलले नव्हते. विनोद करणे हे पापही नव्हे. उलट, हजरजबाबी माणूस सावध आहे एवढे त्यातून दिसतेच. पण विचारले होते ते दिवस-रात्रीच्या जागरणाविषयी. त्याचे उत्तर 'मुळीच नाही' या दोन शब्दांपलीकडे गेले नाही. आपण एकदा मनापासून हसलो की तोच प्रश्न पुन्हा विचारणे अरसिकपणाचे वाटते.

प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादात सॉक्रेटिस एक कल्पना मांडतो. आचाऱ्याने वैद्यावर खटला भरला आणि न्यायाधीश लहान मुले असली, तर काय होईल? वैद्य कडू औषध देतो, उपाशी ठेवतो. आचारी गोडधोड खाऊ घालतो. वैद्य हरणारच! यात आचाऱ्याची चलाखी असेल. पण निकाल मुलांनी दिलेला असतो.

मतदार म्हणून निकाल आपण देतो. आपल्या घरातही रात्री वृत्तवाहिन्यांवर चर्चा रंगतात. कोणी टोला हाणतो, कोणी आवाज चढवतो आणि आपणही टाळी देतो. चर्चा संपल्यावर टीव्ही बंद करून घरच्यांनी एकमेकांना दोनच गोष्टी विचाराव्यात: प्रश्न काय होता? उत्तर काय मिळाले? आपल्या आवडत्या नेत्याबाबतही हे विचारावे. सद्सद्विवेकबुद्धीची खरी परीक्षा तेथेच होते.