न दुखणारा पाय

वावरातून आलेला माणूस आधी पाय धुतो. वर्धा जिल्ह्यातल्या आंजी गावात हे रोज दिसतं. एका हातात लोटा, दुसरा हात भिंतीला. एका पायाने दुसरा चोळायचा, काळी माती सुटली की झालं. खाली पाहावंही लागत नाही. सवयीने पायच पायाला धुतो.

आणि पाहायचं तरी कशाला? काटा रुतला तर दुखेल. पऱ्हाटीचा खुंट लागला तर ठणकेल. काही झालं तर पाय सांगेलच. हा भरवसा आपण जन्मभर बाळगतो.

शुगर जुनी झाली की हा भरवसा हळूहळू सुटतो. रक्तात वाढलेली साखर पायाच्या नसा निकामी करत जाते. आधी मुंग्या येतात, रात्री तळवे जळतात. मग एक दिवस तेही थांबतं. माणसाला वाटतं, चला, बरं झालं. पुढे चप्पल निसटते ते कळत नाही. टाचेच्या भेगेत खडा बसतो, तोही कळत नाही. दवाखान्यात विचारलं तर तो म्हणतो, ‘काही दुखत नाही डॉक्टरसाहेब.’ आणि ते खरंच असतं.

याची तपासणी अगदी साधी आहे. नायलॉनचा एक ताठ धागा तळव्याला टेकवतात. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. माणसाने डोळे मिटायचे आणि धागा जाणवला की ‘लागलं’ म्हणायचं. अंगठ्याखाली धागा वाकतो. माणूस गप्प. पुन्हा वाकतो. तो तसाच डोळे मिटून बसलेला. त्याच्या लेखी तपासणी अजून सुरूच झालेली नसते.

देशाचे आकडे अशाच गप्प माणसांचे असतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष 2023 साली आले, तेव्हा देशात मधुमेह असलेले दहा कोटींहून अधिक लोक असल्याचा अंदाज निघाला. त्यांतल्या किती जणांच्या डोळ्यांपर्यंत, मूत्रपिंडापर्यंत, पायांपर्यंत तो पोचला असेल? डोळ्यांचं एक उत्तर आहे. 2015 ते 2019 या काळात डोळ्यांची राष्ट्रीय पाहणी झाली. पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी 16.9 टक्क्यांच्या दृष्टिपटलाला इजा झालेली आढळली. म्हणजे साधारण सहांत एक. पण खरं थांबावं ते पुढच्या गोष्टीपाशी. त्या मधुमेहींतल्या दहापैकी जवळजवळ नऊ जणांनी यासाठी डोळे आधी कधी तपासूनच घेतले नव्हते. दृष्टिपटलही दुखत नाही.

कुणीतरी डोळ्यात उजेड टाकून आत पाहिलं, म्हणून तो टक्का कागदावर आला. इजा त्याआधीही होतीच. आकडा वाढला की आपण दचकतो. कधी आजार वाढलेला असतो. कधी फक्त पाहणं वाढलेलं असतं.

वर्ध्याच्या मातीला बधिर पाय नवे नाहीत. दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी 1936 साली कुष्ठरोग्यांच्या सेवेचं काम सुरू केलं. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना स्वतःच्या हाताने मालीश करत. कुष्ठरोगातही संवेदना जाते, आणि न जाणवलेली जखमच पुढे बोटं नेते. रोग वेगळा, पायाची गत तीच. त्यावरचा पहिला उपायही तोच: रोज पाय धुवायचा, पुसायचा आणि उजेडात नीट पाहायचा. आज आंजीत सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. होऊ घातलेले डॉक्टर तिथे गाव शिकायला येतात. पुस्तकात वाचलेला टक्का त्यांना इथे कुणाच्या तरी ओसरीवर, खाटेवर बसलेला भेटतो.

जे दुखतं त्याकडे लक्ष जातंच. त्यात आपलं कर्तृत्व काही नाही. दुखणंच ओढून नेतं. जे दुखत नाही, तिथे मात्र आपल्याला आपणहून जावं लागतं. घरातही जो कधी कुरकुर करत नाही, त्याची विचारपूस सगळ्यांत शेवटी होते.

तळव्याची आणखी एक अडचण आहे. तो ज्याचा त्याला सहज दिसत नाही. साठीनंतर गुडघा वळत नाही, नजर पोचत नाही. जमिनीवर आरसा ठेवून पाहता येतं. पण त्याहून सोपं म्हणजे घरातल्या कुणीतरी दोन मिनिटं समोर बसून पाय मांडीवर घेणं. बोटांच्या बेचक्यात ओल आहे का, टाच फुटली आहे का, कुठे लालसर झालं आहे का, एवढंच पाहायचं.

दिवाळीला, दसऱ्याला आपण थोरांच्या पाया पडतो. पावलांना हात लावतो, कपाळाला लावतो आणि उठतो. त्या पावलांची खालची बाजू आपण पाहिलेली नसते. नमस्कार करणारे घरात पुष्कळ असतात. तळवा पाहणारं एक तरी माणूस हवं.