लघुलेखकाचं पद कोण मंजूर करतं?

न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याची चर्चा बहुधा नेमणुका आणि बदल्यांपाशीच थांबते. ती लघुलेखकाच्या टेबलापर्यंत यायला हवी.

घटनाकारांनी पैशाचा विचार केला होता. कलम २२९ नुसार उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च, कर्मचाऱ्यांच्या पगार-पेन्शनसकट, राज्याच्या एकत्रित निधीवर ‘भारित’ असतो. विधिमंडळात त्यावर चर्चा होते, मतदान होत नाही. एखाद्या निकालाने चिडलेल्या सरकारला बहुमताच्या जोरावर न्यायमूर्तींच्या कचेरीचा खर्च छाटता येऊ नये, हा हेतू. मात्र कर्मचाऱ्यांच्या वेतन-भत्त्यांच्या नियमांना त्याच कलमाने राज्यपालांच्या मान्यतेची अट घातली. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात; म्हणजे व्यवहारात फाइल पुन्हा मंत्रालयात.

तालुक्याच्या न्यायालयाला तर एवढंही संरक्षण नाही. तिथला खर्च ‘दत्तमत’, म्हणजे विधिमंडळाच्या मतदानावर अवलंबून. नवं पद हवं तर आधी विधी व न्याय विभाग, मग वित्त विभाग, मग शासन निर्णय. आणि शासन स्वतःच न्यायालयातला मोठा पक्षकार! फाइल कुणी मुद्दाम अडवतं असं मी म्हणत नाही. ती अडवावी लागतच नाही, आपली आपण पडून राहते. भोगतो सामान्य पक्षकार. लघुलेखक नसला की न्यायाधीश साक्षही स्वतःच टंकतात आणि निकालही. बेलीफ अपुरे पडले की समन्स बजावलं जात नाही, आणि पुढची तारीख पडते.

पदांचं जे, तेच इमारतींचं. २३ ऑक्टोबर २०२१ रोजी औरंगाबाद खंडपीठाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. देशातल्या २६ टक्के न्यायालय-संकुलांत स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नाही, असं सरन्यायाधीश रमणा यांनी तिथे सांगितलं. व्यासपीठावर मुख्यमंत्री होते, केंद्रीय विधिमंत्रीही होते. न्यायालयांच्या पायाभूत सुविधांसाठी राष्ट्रीय प्राधिकरण हवं, हा रमणांचा आग्रह. पुढच्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्री आणि मुख्य न्यायमूर्तींच्या परिषदेत त्यावर एकमत झालं नाही.

मला तालुका न्यायालयांचा खर्चही भारित झालेला आवडेल. पण मतदानातून सुटका म्हणजे हिशेबातून सुटका नव्हे. मंजूर पदं किती, रिकामी किती, भरती कुणाकडे अडली, हे प्रत्येक जिल्हा न्यायालयाने दरवर्षी फलकावर लावावं. आणि लेखापरीक्षणातल्या आक्षेपांना इतर खात्यांसारखंच उघड उत्तर द्यावं.