ढालीवरचे साखळदंड

स्पेनची मॅच बघताना माझं लक्ष हटकून जर्सीवरच्या बिल्ल्याकडे जातं. किल्ला आणि सिंह लगेच ओळखू येतात. खाली उजव्या कोपऱ्यात मात्र लाल रंगावर एक सोनेरी जाळी असते, तिच्या मधोमध हिरवा ठिपका. ती नवार्राची खूण. जुलैत माणसं बैलांपुढे पळतात ते पांपलोना, त्या प्रांताची राजधानी. नवार्राच्या लाल झेंड्यावर हीच जाळी ऐन मध्यावर असते.

जाळी कसली, साखळदंडच ते. कथा अशी सांगतात : 16 जुलै 1212 रोजी लास नावास दे तोलोसाच्या लढाईत खलिफा मुहम्मद अन-नासिरच्या तंबूभोवती साखळदंडांनी एकमेकांना जखडलेले पहारेकरी उभे होते. नवार्राचा धिप्पाड राजा सातवा सांचो थेट त्यांच्यावर घोडा घालून आत घुसला. तोडलेल्या साखळ्या त्याने ढालीवर मिरवल्या. हिरवा ठिपका म्हणजे खलिफाच्या पागोट्यातला पाचू. रोन्सेसव्हायेसला सांचोच्या थडग्याजवळ साखळदंडाचे तुकडेही दाखवतात.

इतिहासकारांना हे काही पटत नाही. लढाईनंतरही सांचोच्या मोहरेवर गरुडच होता. लाकडी ढाल फुटू नये म्हणून मध्यापासून काठांपर्यंत लोखंडी पट्ट्या ठोकत; हे चित्र मुळात त्या पट्ट्यांचं. पुढे खिळ्यांच्या कड्या झाल्या, कड्यांची साखळी झाली आणि साखळीला शोभेशी लढाई मिळाली. बिचाऱ्या लोहाराला कोण विचारतो!

सध्याचा झेंडा 1910 चा. 1937 मध्ये, यादवी युद्धात मिळालेल्या साथीवर खूश होऊन, जनरल फ्रँकोने नवार्राच्या चिन्हाभोवती लष्करी सन्मानाचा क्रॉस बसवला, तो 1981 मध्ये काढून टाकला गेला. साखळ्यांना कुणी हात लावला नाही.

मला त्या कथेतून राजा वजा करून पाहायची खोड आहे. मग उरतात ते जखडलेले पहारेकरी. त्यांचं नाव ना गाव. ते आपखुशीने बांधून घेऊन उभे होते की कुणी बांधले होते, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. पायात बेडी म्हटल्यावर पळायची सोय नव्हती, एवढं खरं. खलिफा मात्र त्या दिवशी रणातून निसटला.