उत्तर द्यायला परवानगी कुणाची?

१९५२ साली मल्याळम रंगभूमीवर 'निंगळेन्ने कम्युनिस्टाक्कि' हे नाटक आले. नावाचा अर्थ, 'तुम्ही मला कम्युनिस्ट केलेत'. तोप्पिल भासी यांनी ते भूमिगत असताना 'सोमन' या टोपणनावाने लिहिले आणि केपीएसी या नाट्यसंस्थेने गावोगाव नेले. १९५७ मध्ये केरळात कम्युनिस्टांचे सरकार निवडून आले, त्यात या नाटकाचाही वाटा होता असे तिथे आजही मानले जाते. नाटकातला परमु पिळ्ळ हा पडत्या काळातल्या सवर्ण घरातला म्हातारा. मुलगा गोपालन पक्षाचे काम करतो. माला ही दलित मजुराची मुलगी. तिचा जीव गोपालनवर, त्याचा जमीनदाराच्या मुलीवर. शेवटी परमु पिळ्ळचे मन पालटते आणि मालाच्या हातातला लाल झेंडा तो स्वतःच्या हातात घेतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात.

झेंडा गेल्यावर मालाच्या हातात काय उरले, हे नाटक विचारत नाही. चार दशकांनंतर सिविक चंद्रन यांनी ते विचारले, तेही दुसरे नाटक लिहून. त्याचे नाव 'निंगळ् आरे कम्युनिस्टाक्कि', म्हणजे 'तुम्ही कुणाला कम्युनिस्ट केलेत?' पात्रे तीच. मूळ नाटकातले प्रसंग आणि संवादही उचललेले. भासी १९९२ साली वारले होते. स्वामित्वहक्क वारसांकडे आला होता. प्रकरण कोर्टात गेले आणि प्रयोगांवर मनाई आली. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ती उठवली.

न्यायालयाने तीन गोष्टी पाहिल्या. जे घेतले ते भाष्याच्या मानाने किती आणि किती मोलाचे, कशासाठी घेतले, आणि नवे नाटक जुन्याचा प्रेक्षक पळवील काय. हे प्रतिनाटक मूळ नाटकावरची टीका आहे, नक्कल नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले. आपल्या १९५७च्या कायद्यातले कलम ५२ टीका आणि समीक्षेसाठी उचित वापराची मुभा देते. ती टीका लेखाच्याच रूपात असावी असे कायदा म्हणत नाही. मला या निकालातली ही बाजू सर्वांत मोलाची वाटते. चंद्रन यांनी एखाद्या मासिकात दहा पानी लेख लिहिला असता तर कुणी कोर्टात गेले नसते, आणि तो फारसा कुणी वाचलाही नसता. ज्यांनी मालाला रंगमंचावर गप्प उभी पाहिली, त्यांना ती तिथेच बोलताना दिसायला हवी होती. मराठी वाचकाला हे नवे नाही. आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले' लिहून रविकिरण मंडळाच्या कवितेची जी समीक्षा केली, ती कुठल्या प्रबंधाला साधली असती? मूळ कवितेची चाल आणि ढब उचलल्याशिवाय विडंबन उभेच राहत नाही. तरी 'विडंबन' हा शब्द आपल्या कायद्यात नाही. त्याला टीकेच्या पोटात शिरूनच जागा मिळवावी लागते.

अगदी असाच खटला पुढे अमेरिकेत झाला. मार्गारेट मिचेल यांच्या 'गॉन विथ द विंड'मधले जग ॲलिस रँडल यांनी २००१ साली 'द विंड डन गॉन'मध्ये एका गुलाम स्त्रीच्या तोंडून सांगितले. ही स्त्री नायिका स्कार्लेटची सावत्र बहीण. मिचेल यांच्या वारसांच्या वतीने दावा झाला, खालच्या कोर्टाने पुस्तक अडवले, अपील न्यायालयाने सोडवले. मात्र पुस्तक सुटले ते 'विडंबन' म्हणून. त्यात हसण्यासारखे फार थोडे आहे, पण कायद्याच्या दारावर तीच पाटी होती, म्हणून लेखिकेला तिच्याखालून आत जावे लागले.

इथे माझी अडचण सुरू होते. दोन्ही निकाल कलावंताच्या बाजूचे, दोन्ही मला मान्य. पण मुभा मिळाली ती एका अटीवर. तुम्ही मूळ कृतीवर हल्ला करता आहात, हे न्यायाधीशांना पटवून द्या. मूळ कृतीवर प्रेम असलेल्या, तिच्याशी भांडण नसलेल्या, केवळ तिच्यातले एक पात्र मनातून जात नाही म्हणून लिहिणाऱ्या माणसाचे काय? शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय' लिहिले ते व्यासांवर टीका करायला नव्हे. कर्ण त्यांना सोडत नव्हता. व्यासांच्या वारसांनी दावा लावला नाही, म्हणून ते पुस्तक आपल्याकडे आहे.

वारसांची बाजू मला पोकळ वाटत नाही. भूमिगत राहून लिहिलेल्या नाटकाचे चार पैसे लेखकाच्या घरी गेलेच पाहिजेत. आणि घेणे दर वेळी खालून वर होत नाही. लावणीची किंवा ओवीची चाल सिनेमावाला उचलतो, तेव्हा तिच्या मूळ गाणारणीला कुठले कलम सांभाळते? तिथे 'कलेचे स्वातंत्र्य' हा शब्द ऐकला की मला संकोच वाटतो. पण मोबदला मागणे वेगळे आणि तोंड बंद करणे वेगळे. आपला कायदा वारसाच्या हाती दोन्ही एकाच किल्लीने देतो. रँडल यांच्या प्रकाशकाने शेवटी तडजोड म्हणून एका कृष्णवर्णीय महाविद्यालयाला देणगी दिली. म्हणजे पैशाचा मार्ग काढता येत होता, आणि तो पुस्तक न अडवताही निघाला असता.

शिवाय 'उचित' काय ते आधी कळत नाही. ते कोर्टात, वकिलाची फी भरल्यावर ठरते. ज्याला फी झेपत नाही, तो लिहितच नाही, आणि न लिहिलेल्या नाटकाची नोंद कुठल्या निकालात सापडत नाही.

भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. भासींच्या नाटकाची मुदत २०५२च्या अखेरीस संपेल. मालावर आज कुणाला तिसरे नाटक लिहायचे असेल, आणि ते टीका नसेल, तर वारसांची परवानगी काढावी, नाहीतर १९५२च्या त्या प्रयोगाला शंभर वर्षे उलटेपर्यंत थांबावे.