सेवेची पूर्वतयारी

दिवाळीच्या फराळाला चार नातलग जमले की मुलांच्या शिक्षणाची चौकशी होणारच. त्यात एखादी मुलगी म्हणाली, "बी.ए. करते आहे, पुढे समाजकार्याची पदवी घेणार," की काका विचारतात, "अगं, लोकांचं भलं करायला पदवी कशाला हवी? मन चांगलं असलं म्हणजे झालं." मावशी पुढे जोडतात, "आणि त्यासाठी इतिहास नि कविता तरी कशाला?" हे प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत.

काकांच्या बाजूने वऱ्हाडातलाच फार मोठा साक्षीदार उभा आहे. गाडगेबाबांना शाळेचे शिक्षण लाभले नाही. तरी त्यांच्याइतकी सेवा कोणत्या पदवीधराने केली? वाशीम जिल्हा ज्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्याला आज त्यांचेच नाव आहे. पण बाबा शाळा शिकले नाहीत म्हणजे अशिक्षित होते, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? अभंग त्यांच्या ओठांवर होते, लोकांची बोली त्यांच्या रक्तात होती. कीर्तनात ते उपदेशाआधी श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत. भाषा, माणूस आणि प्रश्न हाच तर कलाशाखेचा गाभा! बाबांनी तो आयुष्यभर पायी हिंडून मिळविला. आपल्या मुलांना तीन वर्षांत ग्रंथांतून त्याची निदान तोंडओळख करून घ्यावी लागते.

१९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली. क्लिफर्ड मॅन्शार्ड तिचे पहिले संचालक. ती पदवीधरांसाठी होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आधी व्यापक शिक्षण, मग सेवेचे तंत्र, असा तो क्रम होता.

या क्रमाचे मर्म वाशीम जिल्ह्यातच पाहावे. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. समजा, एखादा तरुण कार्यकर्ता तांड्यावर कागद घेऊन गेला आणि म्हातारा नाईक त्याच्याशी मोकळेपणाने बोलेना. हा तरुण वहीत लिहील, 'लोक सहकार्य करीत नाहीत.' पण ज्याने इतिहास वाचला आहे, त्याला १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आठवेल. त्या कायद्याने कितीतरी भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि तो १९५२ पर्यंत टिकला, हेही आठवेल. तो कागद बाजूला ठेवील आणि आधी त्यांच्या बोलीतले चार शब्द शिकेल.

२००६ साली पश्चिम विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारने मदत जाहीर केली, त्यांत वाशीमही होता. कर्जाचा हिशेब अर्थशास्त्र सांगते. पण कर्जबाजारी माणूस चारचौघांत जायचे का टाळतो, हे एखादी चांगली कादंबरीच आपल्याला समजावते.

यावर कोणी म्हणेल, पुस्तके माणसाला गर्विष्ठही करतात. खरे आहे. दारिद्र्यावर वाचलेला माणूस आपल्याला दारिद्र्य कळले, असे समजू लागतो. म्हणून विद्येची कसोटी एकच: ती आपल्याला उत्तरे देण्याची घाई करायला लावते, की प्रश्न विचारून थांबायला शिकवते?

चांगले मन हवेच. पण नुसती दया समोरच्याला एक पायरी खाली उभे करते. समज त्याच्या शेजारी, त्याच्याच सतरंजीवर बसते. दुसऱ्याच्या आयुष्यात हात घालायचा तर त्याला आधी ओळखण्याचे कष्ट घ्यावेत, एवढे ऋण सेवा करू पाहणाऱ्याने मानलेच पाहिजे.